तिजोरी बदलली की चषक हलतो

२०२४-२५ ची महिला हँडबॉल चॅम्पियन्स लीग सोळा क्लबांनी सुरू केली. साखळी फेरी संपली तेव्हा तक्त्यात पंधराच नावे उरली होती. सोळावा क्लब मैदानावर हरून बाहेर पडलेला नव्हता. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्रिस्तियानसान शहरातल्या व्हायपर्स या क्लबाचे जानेवारी २०२५ मध्ये, ऐन हंगामात दिवाळे वाजले आणि त्याच्या खेळाडूंना भर थंडीत नवे घर शोधावे लागले. हा कसाबसा पात्र ठरलेला तळाचा संघ असता तर बातमी चार ओळींत आटोपली असती. पण २०२१, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ तीन वर्षे युरोपचा चषक याच क्लबाच्या कपाटात होता.

पुढे १ जून रोजी बुडापेस्टमध्ये हंगेरीच्या ग्यॉर संघाने डेन्मार्कच्या ओडेन्सला २९-२७ असे हरवून सातव्यांदा विजेतेपद मिळवले. खेळाच्या पानांनी हंगाम त्या आकड्याने लक्षात ठेवला, ठेवणारच. आमच्या मते मात्र त्या हंगामाची मोठी घटना जूनमधली नव्हे, जानेवारीतली आहे. १९६१ मध्ये या स्पर्धेचा पहिला विजेता ठरला, तेव्हापासून तिचा चषक ज्या ज्या शहरांत गेला त्यांची यादी काढली, तर कोणत्या काळात कोणाची तिजोरी उघडी होती हे आपोआप कळते. आधी समाजवादी राज्यसंस्था, मग ऑस्ट्रियातल्या एका प्रांताची बँक, मग पोलादाचे आणि मसाल्यांचे कारखाने, मग डेन्मार्कमधल्या गावांचे व्यापारी, मग एखादा हौशी धनिक, एखादी महापालिका, आणि आता मोटारींचा कारखाना व त्याच्या पाठीशी उभा असलेला करकायदा. तिकिटविक्रीच्या जोरावर या स्पर्धेत कोणी सम्राट झालेले नाही.

आपल्याकडे हँडबॉल शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत असतो आणि बहुतेकांची ओळख तिथेच थांबते, म्हणून थोडे मांडून ठेवू. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद बंदिस्त मैदान, दोन्हीकडे सात-सात खेळाडू, साठ मिनिटांचा खेळ. अंगाला अंग भिडणारा, वेगवान आणि भरपूर गोलांचा. मध्य आणि उत्तर युरोपात, विशेषतः हिवाळ्यात, तो घराघरांत पाहिला जातो. पण लंडन, पॅरिस, मिलान यांसारख्या पैशाच्या राजधान्यांनी महिलांच्या या खेळाला कधी फारसे जवळ केले नाही. दूरचित्रवाणीचा जो पैसा फुटबॉलला अवाढव्य करून गेला, तो इकडे ओहोळासारखाच आला. म्हणूनच इथे आश्रयदाता लागतो, आणि आश्रयदात्याचा स्वभाव संघाच्या नशिबात उतरतो.

पहिला आश्रयदाता राज्यसंस्था होती. १९६१ चा पहिला चषक बुखारेस्टच्या श्टीइंत्सा या विद्यापीठीय क्लबाने जिंकला. पुढच्या वर्षी तो प्रागला गेला, त्यापुढच्या वर्षी मॉस्कोच्या त्रुदकडे, मग पुन्हा बुखारेस्टला, या वेळी रापिदकडे. १९६५ मध्ये कोपनहेगनच्या एचजी क्लबाने तो मध्येच पश्चिमेकडे नेला, पण तो अपवाद होता. पूर्व जर्मनीत लाइपझिग आणि बर्लिन, युगोस्लाव्हियात बेलग्रेडचे राद्निच्की, हंगेरीत धातुकामगारांच्या संघटनेतून उभा राहिलेला व्हाशाश, अशी ही पंगत पूर्वेलाच बसत राहिली. पूर्वेकडच्या राजवटींना स्त्रियांचा खेळ प्रिय होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांना पदके प्रिय होती. पश्चिमेत स्त्रियांच्या खेळावर फारसे कोणी खर्च करत नव्हते, त्यामुळे तिथे स्वस्तात पुढे जाता येत होते. हे गणित क्रीडाखात्यातल्या कारकुनालाही कळण्याजोगे होते. कागदोपत्री हे सगळे हौशी खेळाडू. कोणी विद्यार्थिनी, कोणी कुठल्याशा संस्थेत नोकरीला. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ सराव आणि वर्षातले कित्येक महिने शिबिरे.

या व्यवस्थेचा कळस म्हणजे कीव्हचा स्पार्ताक. तिथला प्रशिक्षक इगोर तुर्चिन याने १९५९ च्या सुमारास शाळकरी मुली गोळा करून त्यांना हँडबॉल शिकवायला सुरुवात केली. मुली इतक्या कोवळ्या होत्या की लोक त्यांना गमतीने तुर्चिनची बालवाडी म्हणत. १९६२ मध्ये हा चमू स्पार्ताक या क्रीडासंस्थेच्या छत्राखाली आला. १९६९ ते १९८८ अशी सलग वीस वर्षे सोव्हिएत संघाचे राष्ट्रीय विजेतेपद कीव्हबाहेर गेले नाही. युरोपचा चषक त्याने १९७० ते १९८८ या काळात तेरा वेळा जिंकला, त्यात दोनदा लागोपाठ चार-चार वर्षे. तेराचा हा आकडा आजही कोणाला गाठता आलेला नाही. ग्यॉर सातवर आहे.

महिलांचा हँडबॉल १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला आणि मग तर राज्यसंस्थेचा हात आणखी सैल सुटला. तुर्चिन राष्ट्रीय संघाचाही प्रशिक्षक होता. संघाचा कणा त्याच्याच क्लबाचा. माँट्रियल आणि मॉस्को, दोन्हीकडे सुवर्णपदक. त्याची पत्नी झिनाईदा तुर्चिना ही त्या संघाची सूत्रधार होती. तीही त्या शाळकरी मुलींमधलीच. १९८८ मध्ये सोलला कांस्यपदक घेताना ती ४२ वर्षांची होती, आणि पुढे आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने तिला विसाव्या शतकातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवले. क्लबाचा प्रशिक्षक, देशाचा प्रशिक्षक आणि नवरा या तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसलेला, हे आज कोणत्याही क्रीडासंघटनेला पचणार नाही. त्या काळी कोणी विचारले नाही; निकाल येत होते.

तुर्चिनची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. वेगवान प्रतिहल्ला हा आजच्या महिला हँडबॉलचा प्राण आहे आणि त्याचे मोठे श्रेय कीव्हच्या त्या सरावाला द्यावे लागते. पण त्याच्यामागचे राज्य डळमळू लागताच काय घडले तेही पाहिले पाहिजे. १९८९ मध्ये चषक कीव्हकडे गेला नाही आणि नंतर कधीच गेला नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. १९९३ च्या नोव्हेंबरात स्पार्ताकला घेऊन तुर्चिन बुखारेस्टला युरोपीय सामन्यासाठी गेला होता. तिथे सामना चालू असतानाच त्याचे हृदय बंद पडले. मुलींची पुढची पिढी घडवण्याची त्याची विद्या शिल्लक होती. पगार देणारा उरला नव्हता.

१९८९ मध्ये चषक जिथे गेला ते ठिकाण नकाशावर भिंग लावून शोधावे लागते. व्हिएन्नाच्या दक्षिणेला मारिया एन्झर्सडॉर्फ नावाचे गाव आहे. तिथल्या झ्युडश्टाट वसाहतीत गुन्नार प्रोकोप नावाच्या हट्टी, तापट माणसाने १९७२ मध्ये हँडबॉल क्लब काढला. क्लबाच्या नावात हिपो आहे, म्हणजे लोअर ऑस्ट्रिया प्रांताची गहाणकर्ज बँक. १९७७ पासून चार दशकांहून अधिक काळ ऑस्ट्रियाचे राष्ट्रीय विजेतेपद या क्लबाने सोडले नाही, आणि १९८९ ते २००० या बारा वर्षांत युरोपचा चषक आठ वेळा जिंकला. प्रोकोपची पत्नी लीझे ही १९६८ च्या ऑलिम्पिकमधली पेंटॅथलॉनची रौप्यपदक विजेती. ती पुढे त्याच प्रांताच्या सरकारात मंत्री, मग उपराज्यपाल आणि शेवटी देशाची गृहमंत्री झाली. प्रांत, प्रांताची बँक आणि प्रांताचा क्लब यांच्यात अंतर किती कमी होते, याची कल्पना एवढ्यावरून येते.

हिपोचे साम्राज्य उभे राहिले ते पूर्वेच्या पडझडीवर. यास्ना कोलार-मेर्दान १९८४ मध्ये युगोस्लाव्हियाकडून ऑलिम्पिक सुवर्ण जिंकली होती. १९९० मध्ये जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली तेव्हा ती ऑस्ट्रियाची होती. लिथुआनियात जन्मलेली आउश्रा फ्रिद्रिकास १९९९ मध्ये तोच मान ऑस्ट्रियाकडून मिळवून गेली. सोलमधल्या सोव्हिएत कांस्यपदक संघातली नतालिया रुस्नाचेन्कोही अशीच ऑस्ट्रियाच्या रंगात दिसली. या आयात बळावर ऑस्ट्रियाने १९९६ च्या युरोपीय आणि १९९९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदके मिळवली. तुर्चिनने शाळेतल्या मुली घेऊन संघ घडवला होता, प्रोकोपने घडलेल्या खेळाडूंना पासपोर्ट मिळवून दिले. दोघांमागे सार्वजनिक पैसा होता. एकाने तो बीबियाण्यात घातला, दुसऱ्याने तयार पिकात. २००० नंतर हिपोला हा चषक पुन्हा मिळाला नाही. प्रोकोपचे नाव जगभर पुन्हा गाजले ते २००९ मध्ये, मेत्झविरुद्धच्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी तो स्वतः मैदानात धावला आणि त्याने प्रतिस्पर्धी खेळाडूला अडवले तेव्हा. युरोपीय महासंघाने त्याला बाकावर बसण्यास बंदी घातली. स्वतःच्या खर्चाने उभे केलेले दुकान दुसऱ्याच्या ताब्यात जाताना पाहणाऱ्या माणसाचा तो संताप असावा, असे आम्हाला तेव्हा वाटले होते. अर्थात खर्च पुरता त्याचा नव्हताच.

मधल्या काळात स्पर्धेचा कारभार बदलला होता. १९९१ मध्ये बर्लिनमध्ये युरोपीय हँडबॉल महासंघ स्थापन झाला, त्याचे कार्यालय व्हिएन्नात आले, आणि १९९३-९४ च्या हंगामापासून जुन्या चषकाची चॅम्पियन्स लीग झाली. नाव बदलल्याने अर्थकारण बदलले नाही. १९९६ चा विजेता क्रोएशियातला पोद्राव्का कोप्रिव्निका. पोद्राव्का म्हणजे सूप आणि मसाला बनवणारी कंपनी. १९९९ चा विजेता हंगेरीतला दुनाफेर, म्हणजे दुनाउयव्हारोशचा पोलाद कारखाना. २००२ मध्ये स्कोप्येचा कोमेताल, पुन्हा धातूचा व्यापार. क्लबाच्या नावात गावाआधी कारखाना आला होता, आणि कारखान्याचा ताळेबंद बिघडला की क्लबाचे नाव युरोपच्या तक्त्यातून खाली घसरत होते. यातले पोद्राव्का आजही तग धरून आहे हे कबूल करायला हवे. बाकीच्यांची यादी लांबवण्यात अर्थ नाही.

डेन्मार्कने एक वेगळा प्रयोग केला आणि तो काही काळ झळाळला. २००४ ते २०१० या सात वर्षांत सहा चषक स्लागेल्से आणि विबॉर्ग या दोन छोट्या शहरांनी तीन-तीन वाटून घेतले. मधले एक वर्ष तेवढे मॉस्कोजवळच्या झ्वेनिगोरोदच्या झ्वेज्दाने पळवले. स्लागेल्सेची प्रशिक्षक आन्या आन्दर्सेन स्वतः १९९६ ची ऑलिम्पिक विजेती, बाकावरही नाटकी आणि निर्भीड. डॅनिश महिलांनी १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णे जिंकली होती. टीव्हीवर त्यांची गर्दी होती, आणि गावोगावचे उद्योजक आपली पाटी त्या जर्सीवर पाहायला उत्सुक होते. म्हणजे इथे राज्यसंस्था नव्हती, लोकांची आवड होती आणि तिच्या मागे आलेला स्थानिक पैसा होता. आम्हाला हे प्रारूप सर्वांत निरोगी वाटते, तरी तेही टिकले नाही. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर असे पैसे आटले, मोठ्या परदेशी खेळाडू निघून गेल्या. मॉन्टेनेग्रोची बोयाना पोपोविच स्लागेल्सेबरोबर तीन आणि विबॉर्गबरोबर दोन चषक जिंकून मायदेशी परतली आणि २०१२ मध्ये पोदगोरित्साच्या बुदुचनोस्तबरोबर सहावा जिंकून मोकळी झाली. २०१० नंतर एकाही डॅनिश क्लबाने हा चषक उचललेला नाही.

पोदगोरित्साचा उल्लेख आला तर थोडे थांबलेच पाहिजे. सुमारे सहा लाख लोकवस्तीचा देश. त्याच्या राजधानीतला हा क्लब, आणि जवळजवळ तोच राष्ट्रीय संघ. २०१२ मध्ये त्यांनी युरोपचा क्लब चषक घेतला, लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्य आणि वर्षअखेर युरोपीय विजेतेपदही. त्या वर्षीचा क्लब चषकाचा अंतिम सामना ग्यॉरविरुद्ध दोन लढतींचा होता. एकूण गोल ५४-५४ असे बरोबरीत सुटले आणि परक्या मैदानावर केलेल्या जादा गोलांवर बुदुचनोस्त जिंकला. २०१५ मध्ये त्यांनी चषक पुन्हा मिळवला, या वेळी रोमेनियाच्या क्रिस्तिना नेयागूसह. लहान देशात एका खेळावर सगळे राष्ट्र एकवटते तेव्हा लोकाश्रय आणि राजाश्रय यांतली सीमा पुसट होते, आणि तिथे हिशेब मांडणेही अवघड होते.

याच्या अगदी उलट गोष्ट स्कोप्येची. सर्गेई साम्सोनेन्को या रशियन उद्योजकाने व्हार्दारचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ पोसले. महिला संघ २०१७ आणि २०१८ अशा लागोपाठ दोन वर्षांच्या अंतिम सामन्यांत ग्यॉरकडून जादा वेळेत, एकेका गोलाने हरला. युरोपातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ, मधले अंतर एका गोलाचे. २०१८ च्या उन्हाळ्यात साम्सोनेन्कोने ठरवले की यापुढे पुरुषांचाच संघ चालवायचा, आणि महिलांचा संघ बंद झाला. त्याने पैसे आटवले तेव्हा तो दोघांपैकी कोणाचे आटवणार, याबद्दल कोणाला शंका होती असे दिसत नाही. याच एका निर्णयात महिला हँडबॉलचे सगळे दुखणे आहे.

पुरुषांचे क्लबही बुडतात, ही गोष्ट लपवून हा युक्तिवाद करता येणार नाही. कोपनहेगनचा एजी २०१२ मध्ये अंतिम चारांत खेळून काही आठवड्यांत बंद झाला. २०१३ चा पुरुषांचा युरोपविजेता हॅम्बुर्ग तीन वर्षांत नादारीत गेला. धनिकांची लहर स्त्री-पुरुष पाहून येत नाही. फरक पुढच्या पायरीवर पडतो. पुरुष खेळाडूला जर्मनी, फ्रान्स, स्पेन, पोलंड इथे बऱ्या पगाराची बाजारपेठ मिळते. महिलांच्या खेळात तशी मोजकी दारे आहेत, आणि ती बरीचशी पूर्वेकडे, बुखारेस्ट-बुडापेस्ट-ग्यॉरच्या बाजूला उघडतात.

ती तिथेच का उघडतात? रोमेनियात महापालिका स्वतःचे क्रीडाक्लब चालवतात. बुखारेस्ट महापालिकेचा सीएसएम २००७ मध्ये स्थापन झाला आणि नऊ वर्षांत, २०१६ मध्ये, पेनल्टींवर ग्यॉरला हरवून युरोपचा विजेता झाला. करदात्याच्या पैशातून परदेशी खेळाडूंना पगार द्यावा का, हा वाद तिथे कायम धुमसत असतो आणि तो धुमसायलाच हवा.

हंगेरीची रीत याहून सुबक आहे. २०११ मध्ये तिथल्या संसदेने असा कायदा केला की फुटबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल, वॉटर पोलो आणि आइस हॉकी या सांघिक खेळांच्या क्लबांना कंपन्यांनी पैसा दिला तर तो कॉर्पोरेट करातून वळता करता यावा. सरकारी तिजोरीत जाणारा पैसा तिथे न जाता थेट क्लबाकडे जातो; अर्थसंकल्पात खर्च म्हणून तो ठळकपणे दिसत नाही आणि देणाऱ्या कंपनीला दानशूरपणाचे समाधान मिळते. सत्ताधारी पक्षाचा एक प्रमुख संघटक त्याच वर्षी फेरेन्त्सव्हारोश या बुडापेस्टच्या बड्या क्लबाचा अध्यक्ष झाला. २०२३ मध्ये त्याचा महिला हँडबॉल संघ युरोपच्या अंतिम सामन्यात होता. त्या सामन्याचे सभागृहही पाहण्यासारखे आहे: सरकारी ऊर्जा कंपनीचे नाव मिरवणारे, वीस हजार आसनांचे, २०२२ च्या पुरुषांच्या युरोपीय स्पर्धेसाठी बांधलेले. अंतिम चार संघांची स्पर्धा २०१४ पासून बुडापेस्टमध्येच होते आणि २०२२ पासून या सभागृहात. पूर्वीच्या राजवटींना पदके हवी होती. या राजवटीला भरलेली सभागृहे हवी आहेत. प्रेक्षकांना त्यात वाईट काहीच दिसत नाही आणि खेळाडूंना तर त्याहून चांगले दुसरीकडे मिळत नाही, हेही खरे.

पण ग्यॉरचे यश निव्वळ करकायद्याच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे होईल. १९०४ मध्ये तिथल्या रेल्वे-डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या कामगारांनी क्लब काढला, १९४८ मध्ये महिलांचा हँडबॉल सुरू झाला, आणि १९५० च्या दशकानंतर राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा मिळायला थेट २००५ उजाडले. म्हणजे अर्धशतकाच्या दुष्काळातही कोणी दुकान बंद केले नाही. १९९३ पासून शहरात आउडीचा इंजिन कारखाना आहे आणि क्लबाच्या नावातही आउडी आले. युरोपच्या अंतिम सामन्यांत २००९ मध्ये विबॉर्गकडून, २०१२ मध्ये पोदगोरित्साकडून, २०१६ मध्ये बुखारेस्टकडून आणि २०२२ मध्ये व्हायपर्सकडून ते हरले. प्रत्येक वेळी पुढच्या हंगामात तोच क्लब पुन्हा उभा. २०१३, २०१४, २०१७, २०१८, २०१९, २०२४ आणि २०२५ ही त्यांची विजयाची वर्षे. आनिता गर्बित्सने त्यातले पहिले पाच चषक याच क्लबाकडून जिंकले, २०२१ मध्ये निवृत्ती घेतली आणि मग क्लबाची अध्यक्ष झाली. कीव्हनंतर इतकी सलग वीण दुसऱ्या क्लबात सापडत नाही. तीही दोन खुंट्यांवर टांगलेली आहे: जर्मनीतल्या एका मोटार कंपनीचे निर्णय, आणि जो संसद करू शकते तो मोडूही शकते असा एक कायदा.

आश्रयदाता किती झटपट नाहीसा होतो, याचा धडा २०२२ मध्ये स्वतः महासंघालाही मिळाला. २०२० पासून महिलांच्या चॅम्पियन्स लीगच्या नावाआधी देलो हे नाव होते. देलो ही रशियन वाहतूक कंपनी. तिचे सर्वेसर्वा तेव्हा रशियाच्या हँडबॉल महासंघाचेही अध्यक्ष. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. रोस्तोव-दोन आणि सीएसकेए मॉस्को हे दोन रशियन क्लब चालू हंगामातून बाहेर काढले गेले, प्रायोजकाचे नावही उतरवावे लागले. दोन्ही निर्णय योग्यच होते. मात्र महिलांच्या सर्वोच्च स्पर्धेचे नाव विकायची वेळ आली तेव्हा महासंघाने ते कोणाच्या हाती दिले होते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. युरोपची ही स्पर्धा तेरा वेळा जिंकलेले कीव्ह त्या दिवसांत तळघरांत झोपत होते.

आता पुन्हा नॉर्वेकडे. व्हायपर्सचे दिवाळे समजून घ्यायचे तर थोडे मागे, लार्विकपर्यंत जावे लागते. लार्विकने २०११ मध्ये युरोपचा चषक जिंकला आणि २००५ ते २०१७ नॉर्वेचे राष्ट्रीय विजेतेपद सोडले नाही. मग त्यांचा पैसा संपला. २०१८ पासून विजेतेपद व्हायपर्सकडे आले, प्रशिक्षक ओले गुस्ताव्ह गेक्स्ताड हाही पूर्वी लार्विकचा. एका गावाची तिजोरी रिकामी झाली आणि तेच स्वप्न दुसऱ्या गावाने उधारीवर घेतले, असा हा हस्तांतराचा व्यवहार. २०२१ ते २०२३ च्या तीन विजयांत गोलरक्षक काटरिने लुंडे होती; विबॉर्ग आणि ग्यॉरबरोबरचे धरून तिचे एकूण सात चषक झाले. तीन देशांतले तीन क्लब, आणि त्यांतला आज ग्यॉरच तेवढा युरोपच्या शिखरावर आहे.

विलक्षण हे की याच काळात नॉर्वेचा राष्ट्रीय महिला संघ जगातला सर्वोत्तम होता. २०२१ चे जागतिक विजेतेपद आणि २०२४ चे पॅरिस ऑलिम्पिक सुवर्ण त्यांचेच. गावोगावच्या सभागृहांतून, पालकांच्या स्वयंसेवेतून आणि महासंघाच्या शिस्तीतून येणारी खेळाडूंची रांग तुटलेली नाही. तुटला तो त्या रांगेच्या टोकावरचा व्यावसायिक क्लब. नॉर्वेत त्यामागे ना कोणी बँक होती, ना महापालिका, ना करातून वळवलेला पैसा. बुडापेस्ट आणि बुखारेस्टच्या पगारांशी स्पर्धा करायची आणि उत्पन्न मात्र क्रिस्तियानसानच्या प्रायोजकांचे, हे गणित तीन चषक जिंकूनही जुळले नाही. काही भाष्यकारांनी याला व्यवस्थापनाची उधळपट्टी म्हटले. उधळपट्टी असेलही. पण सलग तीन वर्षे युरोप जिंकूनही ज्या धंद्यात तोटा होतो, तिथे दोष एकट्या व्यवस्थापकाच्या माथी मारून चालणार नाही.

नॉर्वेला अपवाद म्हणून सोडून द्यावे, तर जर्मनी आहे. १९६६ आणि १९७४ चा विजेता लाइपझिग २०१७ मध्ये नादार झाला. २०२४ च्या अंतिम सामन्यात ग्यॉरसमोर उभा राहिलेला बीटिगहाइमचा संघ त्याच उन्हाळ्यात लुडविग्सबुर्गला हलला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये त्यानेही नादारी जाहीर केली. जर्मनीचा तेव्हाचा विजेता, ऐन हंगामाच्या तोंडावर. सहा महिन्यांच्या आत २०२३ चा विजेता आणि २०२४ चा उपविजेता असे दोन क्लब गेले.

यावर व्हिएन्नातले महासंघाचे कार्यालय काय करू शकते? राज्यसंस्थांना, बँकांना, मोटार कंपन्यांना ते रोखू शकत नाही, आणि रोखूही नये; त्यांच्याशिवाय ही स्पर्धा उद्या गल्लीत खेळावी लागेल. मात्र प्रवेश देताना सभागृहातले दिवे, टीव्हीचे कोन आणि जमिनीवरच्या जाहिरातींचे स्टिकर जितक्या बारकाईने तपासले जातात, तितक्या बारकाईने पगाराची तरतूद तपासता येईल. संपूर्ण हंगामाच्या पगाराची बँक हमी मागता येईल. यावर नेहमीचा आक्षेप असा की मग श्रीमंतच उरतील आणि पोदगोरित्सासारखे क्लब दारातूनच परत जातील. तो आक्षेप सरसकट रकमेला लागू पडतो. बुदुचनोस्तची हमी ग्यॉरच्या हमीएवढी असण्याचे काहीच कारण नाही. ती ज्या त्या क्लबाने स्वतः केलेल्या करारांच्या बेरजेइतकी असावी. ज्याला मोठे करार करायचे असतील त्याने मोठी हमी द्यावी, आणि ती सप्टेंबरचा पहिला सामना सुरू होण्याआधी जमा झालेली असावी.